बरं बाई

मंगळवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाहीये. माशांच्या टाकीचा पंप घुरघुरतोय, पण तो काही आजच घुरघुरत नाही, महिना झाला. खरं कारण इतकं फुटकळ आहे की कुणाला सांगायची लाज वाटते, म्हणून लिहितेय.

रविवारी संध्याकाळी मी टाकीची काच पुसत होते. टाकीत खाडीसारखं निमखारं पाणी करायचं चाललंय माझं. आबा, माझे वडील, मागून आले, झाकण जरासं सरकवलं, मधलं बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. म्हणाले, "गोडंच हाय अजून." मी म्हणाले, "आबा, हात काढा आधी! किती वेळा सांगायचं, पाण्यात काही घालायचं नाही." त्यांनी बोट लेंग्याला पुसलं. "बरं बाई," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

बस, एवढंच. भांडण नाही, रुसवा नाही. रात्री नेहमीसारखे दोन भाकऱ्या जेवले, कालवणाला नावंही ठेवली.

पण "बरं बाई"?

आता "बरं बाई" कोण म्हणत नाही? हे दिवसातून चारदा म्हणतात. भाजीवाला म्हणतो. मी स्वतः धाकट्याला "बरं बाबा" म्हणते, त्यात काय एवढं? पण आबा मला पोरी म्हणतात. चिडले तर "ए शाने". बाई त्यांनी मला उभ्या जन्मात म्हटलेलं नाही. त्यांच्या तोंडी बाई म्हणजे मिठागराची शेठाणी, सीझन संपताना गाडीतून बांधापर्यंत यायची आणि चप्पल चिखलात जाईल म्हणून खाली उतरायची नाही ती. नंतर दवाखान्यातली नर्स. मग बँकेतली, अंगठा नको सही करा म्हणणारी. ज्यांच्यासमोर हात आपोआप पुढे जुळतात, त्या बाया.

आणि शाळेत बेचाळीस पोरं दिवसभर मला बाईच म्हणतात. तेव्हा माझा आवाज कसा असतो हे मला माहीत आहे. रविवारी तोच आवाज निघाला असणार.

खरं तर या टाकीत आबांचा हात पहिल्यापासून आहे. (वाक्य कसं झालंय बघा. पण राहू दे.) दोन फूट लांब, फूटभर रुंद, पंधरा इंच उंच. पंधरा लिटरच्या बादलीने मोजून चार बादल्या, साठ लिटर पाणी. वाळूखाली घालायला कालवांच्या शिंपा आबांनीच करंज्याहून मागवल्या आणि मी दोनदा उकळून घेतल्या, त्याने पाण्याचा कठीणपणा टिकतो. टाकीच्या काचेवर बाहेरून एक लाल टिकली लावलेली आहे, ती त्यांची युक्ती. पाणी टिकलीच्या खाली गेलं की नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून, क्लोरीन उडवून ओतायचं, मीठ घालायचं नाही. "ऊन पानी नेतं, मीठ ठेवतं," म्हणाले. पुस्तकात हे वाचायला मला अर्धं पान लागलं होतं.

मिठाची पिशवी आली त्या दिवशीचं तोंड मात्र विसरणार नाही. मत्स्यालयासाठी मुद्दाम बनवलेलं समुद्री मीठ. घरातल्या आयोडीनवाल्या मिठाने भागत नाही, कारण ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम असतं, पाण्याचा सामू (पीएच) सांभाळणारी बायकार्बोनेटं असतात. दोन किलोचे पैसे ऐकून आबा पिशवी हातात घेऊन उभेच राहिले. ज्याने चाळीस सीझन मीठ ओढलं त्याच्या घरात मीठ कुरिअरने येतं. काही बोलले नाहीत. चिमूटभर चाखलं आणि म्हणाले, "याच्यात कडू हाय." ते मॅग्नेशियम. बरोबरच होतं. मिठागरात पाणी पंचवीस डिगरीला (ही डिगरी उष्णतेची नाही, पाण्याच्या दाटपणाची) आलं की मीठ पडायला लागतं आणि तिशीकडे गेलं की उरलेलं कडू पाणी सोडून द्यायचं, हे आम्ही लहानपणी पाढ्यांसारखं ऐकलंय. समुद्र तीन डिगरी. पंचवीसला मीठ. तळाला शिशाचे छर्रे असलेली काचेची नळी होती त्यांच्याकडे, पाण्यात तरंगायची आणि डिगरी दाखवायची. मला हात लावायची परवानगी नव्हती.

तेव्हा मी काय म्हणाले असेन? "बरं आबा" म्हणाले असेन.

सोमवार अख्खा मी स्वतःची बाजू मांडण्यात घालवला. तीही लिहून टाकते. या घरात माझं म्हणावं असं काय आहे? सकाळी सहाला डबे, सातला शाळा, दुपारी आबांच्या पायाचं ड्रेसिंग, संध्याकाळी वह्या. दादाकडचं तर बोलायलाच नको. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली तेव्हा आबा सगळ्यांचे होते, पाय बिघडल्यावर तेवढे माझे झाले. असो. एक टाकी मागितली मी स्वतःसाठी. पाच आठवडे रिकाम्या पाण्यात माशांचं खाणं चिमूट चिमूट टाकत बसले, ते कुजून अमोनिया व्हावा, अमोनियाचं नायट्राइट व्हावं, नायट्राइटचं नायट्रेट व्हावं, जिवाणूंनी घर करावं म्हणून. दर दोन दिवसांनी काचेच्या नळीत थेंब टाकून रंग बघायचा. जांभळा आला की अजून नाही. जांभळा, जांभळा, जांभळा. घरातले हसत होते, की बाईंनी पाणी पाळलंय. (हे मला आत्ता लिहिताना आठवलं. हेही बाईच म्हणतात की! मग ते का नाही टोचलं?)

आणि एवढं करून चार काळ्या मॉली आणल्या, गोड्या पाण्यातून हळूहळू खाऱ्याकडे नेता येतात म्हणून. त्यांच्या पाण्यात कुणी बाम लावलेलं बोट घातलं तर मी ओरडायचं नाही?

बाम होता का बोटाला? नव्हता बहुतेक. बाम ते झोपताना लावतात.

हे सगळं आज दुपारपर्यंत. आज नंदू पाण्याचा खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ठेवून गेला. दुर्बिणीच्या पिल्लासारखं दिसतं. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा, निळा आणि पांढरा जिथे मिळतात तो आकडा वाचायचा, म्हणजे हे पाणी गोड्या पाण्याच्या किती पट जड ते. आधी डिस्टिल्ड पाण्याने शून्य लावून घेतला. मग टाकीतले थेंब.

१.००३.

माझ्याकडच्या प्लास्टिकच्या डबीतला काटा महिनाभर १.००६ दाखवतोय. समुद्र १.०२५ च्या आसपास, खाडीच्या टाकीला १.००५ ते १.०१० ठेवतात, म्हणून मी काटा सहावर आला तशी मीठ घालायची थांबले होते. नंदू म्हणाला, काट्याला बुडबुडे चिकटतात, ते काटा वर उचलतात, डबीला टिचक्या मारायच्या असतात. टिचक्या मारल्या. काटा लाजत लाजत खाली आला.

म्हणजे गोडंच होतं अजून.

सगळ्यात कहर पुढेच आहे. मी मीठ तीन वेळा घातलं, दर वेळी शंभर ग्रॅम. तीनशे ग्रॅम, साठ लिटर. सहावीच्या पोरांना मी हे उदाहरण फळ्यावर घालते. लिटरला पाच ग्रॅम. समुद्रात लिटरला पस्तीस असतात, म्हणजे सातवा हिस्सा. काट्याकडे न बघता नुसता भागाकार केला असता तरी कळलं असतं की १.००६ यायला अजून निम्मं तरी मीठ हवं. महिनाभर ती डबी पुसून, धुऊन, रुमालात गुंडाळून ठेवत होते मी. आबांच्या नळीसारखी. धाकट्याला हात लावू देत नव्हते.

हे सुचलं तेव्हा किचनमध्ये एकटीच हसले. मॉली चारही मजेत आहेत, त्यांना गोडंही चालतं. माझ्यामुळे कुणाचं काही बिघडलेलं नाही, एवढा माझा अधिकारही नाही टाकीवर. पुढे नारिंगी क्रोमाइड माशांची जोडी आणायची आहे, मालवणकडे काळुंदर म्हणतात तिची जवळची नातलग, पण हिची वाढ बोटाएवढीच. आबांना चित्र दाखवलं तर म्हणाले, एवढीशी तर तळल्यावर दिसायची पण नाही. त्यांना जिताडा कळतो. जिताडा तळ्यात पाळायचा, पाहुणे आले की काढायचा. मासा पाळून त्याच्याकडे बघत बसायचं, हे त्यांना चिखलातल्या निवट्या मासोळ्या टाळी वाजवतील म्हटल्यासारखं वाटतं.

आणि तरी रोज संध्याकाळी ते खुर्ची टाकीकडे वळवून बसायचे. रविवारपासून खुर्ची गॅलरीत आहे.

गॅलरीतून आता कंटेनर यार्डाचे दिवे दिसतात. पूर्वी तिथून बांधातलं पाण्याचं दार, उघाडी, दिसायची. ते जाऊ दे.

मघाशी उठून मीही बोट घालून बघितलं. आधी साबणाने हात धुतले, तीनदा खळखळून, नियम म्हणजे नियम. जिभेला लावलं. काही नाही. दुसऱ्यांदा माशांच्या खाण्याचा वास आला. तिसऱ्यांदा वाटलं खारट आहे, पण ते मला वाटायला हवं होतं म्हणून वाटलं. या जिभेवर मी आयुष्यभर कालवणं चाखली, आणि पाच ग्रॅम कळत नाहीत.

मीठ एकदम वाढवायचं नाही, जिवाणू मरतात. आठवड्याला आकडा फार तर दोन हजारांशाने वाढवायचा, १.००३ चा १.००५. उद्या थोडं, मग थांबायचं. थोडं म्हणजे किती हे लिहायला बसले आणि भागाकार सोडून गॅलरीच्या दाराशी गेले. जागेच होते. ते कधी झोपतात देव जाणे.

"आबा, त्या पाण्यात अजून किती घालू?"

बराच वेळ काही नाही. वाटलं ऐकूच आलं नाही.

"आधी वजन कर मिठाचं," म्हणाले. "अंदाजपंचे नको."

पोरी नाही, बाईही नाही. नुसतं वजन कर.

किचनमधल्या वजनकाट्याचा सेल गेलाय. घड्याळातला काढून बघते.