साहेबांचा हुकूम खालपर्यंत पोहोचतो का?

कार्यालयातील नेतृत्वाची पारख सर्वांत वरच्या खोलीत होत नाही, ती दोन-तीन पायऱ्या खाली उतरून करावी लागते. वडोदऱ्यात राहून आणि येथील कारखान्यांत नोकरी करून माझे हे मत पक्के झाले आहे, आणि त्याला आधार देणारी सर्वांत वेदनादायक घटनाही याच शहरात घडलेली आहे. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार संस्थानची सेवा करण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला आले. अनुभव मिळाल्यावर त्यांच्याकडे अर्थखाते सोपवावे, असा महाराजांचा मानस होता. पद मोठे होते आणि शब्द खुद्द महाराजांचा होता, तरीही शिपाई त्यांच्या मेजावर फायली दुरून टाकत आणि कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नसे, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले गेले, दाद मागूनही राहण्याची सोय झाली नाही, आणि अवघ्या काही दिवसांत त्यांना शहर सोडावे लागले. ज्या बागेत ते त्या दिवशी बसले, त्या कमाटी बागेतील जागेला आज संकल्पभूमी म्हणतात.

हा प्रसंग आपण सहसा केवळ सामाजिक अन्यायाची घटना म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु कार्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो प्रशासनाची घटना म्हणूनही वाचावा, असे मला मनापासून वाटते. १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या राजाची मूल्ये संशयातीत होती, तरी त्या मूल्यांना सिंहासनापासून शिपायाच्या स्टुलापर्यंतचे अंतर कापता आले नाही. कचेरीत एकाच वेळी दोन उतरंडी नांदत होत्या: एक हुकुमाच्या कागदावर लिहिलेली आणि दुसरी प्रत्येकाने घरून सोबत आणलेली. मधल्या अधिकाऱ्यांनी पहिलीचा मान राखण्याऐवजी दुसरीपुढे मान तुकवली. शिपायाला कोणी जाब विचारला नाही, म्हणजे त्याच्यापुरता खरा हुकूम तोच ठरला.

हुकूम जसा खाली पोहोचत नाही, तशी माहिती वर चढत नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट विमाने धडकली आणि ५८३ माणसे मरण पावली. दुसरे विमान अजून धावपट्टीवर असावे, अशी शंका उड्डाणासाठी धावत असलेल्या केएलएम या विमान कंपनीच्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती, पण कॅप्टनने ठामपणे तसे काही नसल्याचे सांगितले आणि विमान धावत राहिले. कॅप्टन त्या कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ वैमानिक व प्रशिक्षक होता, त्यामुळे शंका पुन्हा विचारली गेली नाही. अपघाताला रेडिओवरील गोंधळासह इतर कारणेही होती, हे खरे. तरी त्यानंतरच्या काही वर्षांत कनिष्ठांनी बोलावे आणि वरिष्ठांनी ऐकावे याचे रीतसर प्रशिक्षण वैमानिकांना दिले जाऊ लागले. समाजमानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून जो सत्ता-अंतराचा, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांतील असमानता लोक किती स्वाभाविक मानतात याचा, निर्देशांक काढला, त्यात भारताचा आकडा ७७ आहे आणि नेदरलँड्सचा केवळ ३८. भारतीय माणूस स्वभावतःच साहेबांपुढे गप्प बसतो, असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की ते विमान डच कंपनीचे होते.

आपल्याकडे अर्थात गप्प बसण्याची तालीम लवकर सुरू होते. गायकवाडांच्या चाकरीनिमित्ताने येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांमध्ये सरकारी नोकरीची प्रतिष्ठा मोठी, आणि वरिष्ठांशी वाद न घालणे हा सुसंस्कृतपणाचा भाग मानला जाई. या वळणात शिस्त आहे, कामाची निष्ठा आहे, आणि तिचा मला आदरच आहे. परंतु त्याच वळणाने माणूस कामापेक्षा साहेबांच्या मर्जीचा अभ्यास अधिक करू लागतो. सरकारी खात्यांतील गोपनीय अहवालांनी या सवयीला खतपाणी घातले: आपल्याविषयी काय लिहिले आहे हेच कळत नसेल, तर सुधारणा कशात करायची? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात अहवालातील प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे असा निर्णय दिला, तो मला प्रेरणेविषयीच्या पुष्कळ व्याख्यानांपेक्षा मोलाचा वाटतो.

उतरंडच नको, सगळे समान, असे सांगणाऱ्या नव्या कंपन्यांचे मला फारसे आकर्षण नाही. लिहिलेली उतरंड काढून टाकली की न लिहिलेली उरते, मालकाच्या जवळचा कोण आणि लांबचा कोण यावर कामे चालतात, आणि मग दाद कोणाकडे मागायची हेही ठरलेले नसते. पदांची श्रेणी असावी. मात्र प्रत्येक पायरीवरच्या माणसाने खालच्याचे म्हणणे वर नेण्याची आणि निर्णयाचा भार स्वतः उचलण्याची जबाबदारी घ्यावी. मकरपुऱ्यातील एका रासायनिक कारखान्यात मी असे एक प्लांट मॅनेजर पाहिले आहेत. सकाळच्या बैठकीत ते सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी बोलायला लावत, म्हणजे साहेबांचे मत ऐकून आपले मत बदलण्याची सोयच उरत नसे. एकदा एका तरुण ऑपरेटरने पंपाचे सील गळत असल्याची शंका काढली. उत्पादनाचे लक्ष्य अपुरे राहणार हे दिसत असूनही साहेबांनी पंप थांबवला आणि लॉगबुकमध्ये तो निर्णय स्वतःच्या नावाने लिहून सही केली, जेणेकरून वरून विचारणा झाली तर ती ऑपरेटरपर्यंत जाऊ नये. त्या सहीनंतर बैठकीत माणसे ज्या मोकळेपणाने बोलू लागली, तो मोकळेपणा कोणत्याही बक्षीस योजनेतून आलेला मी पाहिलेला नाही.

तरीही त्या बैठकीत एक वर्ग नव्हता, आणि आजही बहुतेक ठिकाणी तो नसतो. टाक्यांत उतरून साफसफाई करणारा, वेल्डिंगच्या वेळी आगीवर नजर ठेवणारा कंत्राटी कामगार यंत्राच्या सर्वांत जवळ असतो, पण तो हजेरीपटावर ठेकेदाराचा माणूस असल्यामुळे त्याला विचारणे कोणाच्याच कामात मोडत नाही. शिफ्ट बदलताना होणाऱ्या सूचनांच्या बैठकीत त्यालाही रीतसर उभे करावे, त्याने सांगितलेली गोष्ट त्याच्या नावासह लॉगबुकात लिहावी, आणि त्यावर काय केले हे दुसऱ्या दिवशी शिफ्ट इन्चार्जने त्यालाच सांगावे. एवढे करण्यासाठी वरच्या मंजुरीची गरज नाही.