नाशिक ते लोणार, रात्रीच्या समृद्धीने: ऑक्स लाइट घेताना काय बघायचं

हिवाळ्यात नाशिकहून लोणारला जाऊन आलो. जाताना सगळा प्रवास मुद्दाम रात्रीचा ठेवला, कारण गाडीला नवीन ऑक्स लाइट (मूळ हेडलाइटशिवाय बाहेरून बसवलेले जास्तीचे लाइट) लावले होते आणि ते घाटात, समृद्धीवर आणि मेहकरच्या पुढच्या साध्या रस्त्यावर कसे चालतात ते एकाच रात्रीत बघायचं होतं. लग्नसराई, देवदर्शन, गावी जाणं यासाठी आपल्याकडून खूप लोक रात्री निघतात आणि लाइट वाढवायचा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आधी हे सांगतो की खर्च करायच्या अगोदर गाडीचे मूळ हेडलाइट सुधारा. हेडलाइटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट असतं, चार-पाच उन्हाळे खाल्ले की पिवळट धुरकट होतं, ते पॉलिश करून घ्या. पुढच्या काचेला आतून एक तेलकट थर बसतो, दिवसा कळत नाही पण रात्री समोरच्याचा लाइट त्यावर पसरतो आणि काहीच दिसेनासं होतं, तो साफ करा. वायपरची रबरं बघा. स्टेअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांचं लेव्हलरचं चाक असतं, त्याला कित्येकांनी हातही लावलेला नसतो, मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर जातं आणि डिप्पर (हेडलाइटचा जवळचा, खाली पडणारा झोत) समोरच्याच्या डोळ्यात जातो, तेव्हा ते चाक फिरवायचं. हॅलोजनवाल्या जुन्या गाडीत वायरिंग थकलेलं असेल तर बल्बपर्यंत व्होल्टेज कमी पोचतं, आणि १० टक्के व्होल्टेज पडलं तर उजेड साधारण ३० टक्के पडतो. आमच्या गाडीला रिलेवाला हार्नेस (बॅटरीवरून थेट करंट देणारं वेगळं वायरिंग, रिले म्हणजे त्यातला छोटा विजेवर चालणारा स्विच) टाकला आणि तेच ६०/५५ वॅटचे बल्ब एकदम जिवंत झाले. बऱ्याच लोकांचं काम एवढ्यातच भागेल.

मग ऑक्स लाइट का, तर हिशोब करून बघा. १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. दिसलं आणि पाय ब्रेकवर गेला यात दीड सेकंद धरला तर ४२ मीटर तिथेच गेले, पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून ५०-५५ मीटर, म्हणजे शंभराच्या आसपास. आणि डिप्परचा उजेड नीट पडतो तो ५०-६० मीटरपर्यंत. म्हणजे डिप्परवर १०० ने जाणारा माणूस जे अजून दिसलेलंच नाही त्याच्यावर गाडी घालतोय. अप्पर (लांबचा झोत) लावला की बरं होतं, पण जुन्या हॅलोजनचा अप्परही १२० ला अपुरा पडतो, तिथे हेच अंतर १३० मीटरच्या घरात जातं.

लाइट घ्यायला नाशिकमध्येच द्वारका चौकाच्या बाजूला फिरलो. जिथे जावं तिथे पहिला प्रश्न, भाऊ किती वॅटचे टाकू? दुकानदाराचा दोष नाही, गिऱ्हाईकच तसं विचारतं, पण माझं स्पष्ट मत आहे की वॅट आणि लुमेन बघून लाइट घेऊच नये. लुमेन म्हणजे एकूण उजेड किती निघतो, तो झाडावर गेला काय, आकाशात गेला काय, लुमेन तेवढेच. लांबचं दिसायला लागतो कँडेला, म्हणजे एका दिशेला किती जोरात उजेड जातोय ते. ४०,००० कँडेलाचा लाइट २०० मीटरवर १ लक्स (समोरच्या वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) देतो, आणि अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा, म्हणजे ४०० मीटरवर पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. खोक्यावर ८०० मीटर रेंज लिहिलेली असते तेव्हा किती लक्सला ते विचारा, कारण पाव लक्सने मोजलेली रेंज १ लक्सच्या बरोबर दुप्पट दिसते, लाइट तोच असतो.

दुसरं बघायचं ते काचेवरचं मार्किंग. गोलात E आणि त्यापुढे देशाचा आकडा असेल तर तो लाइट युरोपच्या नियमांनी तपासलेला आहे. जवळ B किंवा F3 असेल तर फॉग म्हणजे धुक्याचा लाइट, HR असेल तर हॅलोजनचा अप्पर. अप्परच्या लाइटवर १७.५, ३७.५ असा रेफरन्स नंबर पण असतो, जितका मोठा तितका जोर, आणि त्यांच्याकडे गाडीवरच्या सगळ्या अप्परची बेरीज १०० च्या वर चालत नाही. हेला, पिया अशा कंपन्यांच्या बऱ्याच लाइटवर हे सापडतं. स्वस्तातल्या एलईडी बारवर (लांब पट्टीसारख्या लाइटवर) काहीच नसतं, आणि त्यातले बरेच दहा मिनिटांत तापून मंद होतात, म्हणून मागे जाड ॲल्युमिनियमच्या पात्या आहेत का ते हातात घेऊन बघा, वजनावरूनच कळतं.

झोताचा आकार कुठला घ्यायचा ते तुमच्या रस्त्यावर ठरतं. स्पॉट म्हणजे बारीक लांब झोत, सरळ रिकाम्या रस्त्याला ठीक पण वळणावर निरुपयोगी. ड्रायव्हिंग बीम थोडा रुंद आणि बऱ्यापैकी लांब, आपल्याकडच्या बहुतेक लोकांना हाच पुरतो. फ्लड किंवा रुंद बार घेऊ नका असंच सांगेन, कारण गाडीपुढचे २० मीटर दिवसासारखे उजळतात, डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसायला लागतं, गाडीत बसलेल्याला मात्र वाटतं काय भारी उजेड आहे! टपावर बार लावला तर बोनेटवरून चकाकी परत डोळ्यात येते ते वेगळंच. आम्ही एलईडी ड्रायव्हिंग बीमची गोल जोडी घेतली, ५००० केल्व्हिनची (हा उजेडाच्या रंगाचा आकडा), बंपरच्या उंचीवर पट्टी मारून बसवली. ६००० च्या पुढचा निळसर उजेड डांबरावर नुसताच पांढरा वाटतो, खड्डा उठून दिसत नाही.

वायरिंगवर पैसे वाचवू नका. ४० वॅटचे दोन म्हणजे ६ अँपिअर, त्याला १० चा फ्यूज. ५५ चे दोन हॅलोजन असतील तर ९ च्या वर जातं, त्याला १५ चा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच पाहिजे, नाहीतर मधली वायर घासली गेली तर आग लागायला कोणी अडवणारं नाही. रिलेला ३० नंबरवर बॅटरी, ८७ वर लाइट, ८५ ला बॉडी अर्थ आणि ८६ ला अप्परच्या वायरवरून ट्रिगर (रिले चालू करणारा करंट), मध्ये डॅशवर एक स्वतंत्र स्विच. ट्रिगर अप्परवरूनच घ्या, म्हणजे डिप्पर मारला की ऑक्स आपोआप बंद. समोरच्याच्या डोळ्यात लाइट जाऊ नये हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियमही आहे. जास्तीच्या लाइटवर पोलीस दंड करू शकतात, त्यामुळे गावात, शहरात कव्हर घालूनच फिरा.

सेटिंग भिंतीवर करा. सपाट जागा, टायरमध्ये हवा बरोबर, प्रवासात असेल तेवढं वजन गाडीत, भिंत साडेसात मीटरवर. लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारायची आणि सगळ्यात तेजस्वी ठिपका त्या रेषेवर किंवा किंचित खाली आणायचा. दोन्ही सरळ ठेवा, डावा फार तर बोटभर बाहेर.

आता प्रवास. नाशिकरोड, शिंदे-पळसे, मग मोहदरी घाट, सिन्नर. इथे ट्रॅफिक एवढं की ऑक्स लावायची संधीच नाही, सगळं डिप्परवर, म्हणून तर मूळ हेडलाइट आधी. सिन्नरच्या पुढे गोंद्याला समृद्धीवर चढायचं. मॅपवर गोंदे टाकताना बघून टाका, मुंबई रोडला वाडीवऱ्हेजवळ दुसरं गोंदे आहे.

समृद्धी ७०१ किमीचा, कारला १२० ची मर्यादा, आणि शिर्डीच्या पुढे रात्री मैलोन् मैल अंधार. लाइटचा खरा जोर इथे कळला. रस्त्याकडेला बंद पडलेला ट्रक, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, तो एवढ्या लांबून दिसला की निवांत लेन बदलता आली. पण सारखे लावून ठेवता येत नाहीत हेही पक्कं सांगतो. पलीकडच्या बाजूच्या ट्रकवाल्याची केबिन उंच, त्याला आपला झोत थेट दिसतो, तो लगेच अप्पर मारून सांगतोच. आणि मोठे हिरवे बोर्ड! त्यांच्या रेडियमवरून सगळा उजेड उलटा आपल्याच डोळ्यात येतो, क्षणभर पुढचं काही दिसत नाही. बोर्ड दिसला की डिप्पर, तो गेला की परत अप्पर, ही सवय लावून घ्या. डॅशबोर्डचा आणि मोबाइलचा ब्राइटनेस एकदम खाली करा, फुकटात दिसणं सुधारतं. झोप यायला लागली तर कुठलाही लाइट उपयोगाचा नाही, पुढच्या एक्झिटला किंवा पंपावर थांबा, शोल्डरवर (रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर) अजिबात नको.

मेहकरला उतरून लोणार पंचवीसेक किमी, आणि माझ्या मते लाइटचे पैसे याच पट्ट्यात वसूल झाले. दुभाजक नाही, कडेला पांढरी पट्टी कुठे आहे कुठे नाही, बैलगाडी, बिनदिव्याची ट्रॉली, पहाटे चालत निघालेली माणसं. समोरून पाच-सात मिनिटांत एखादी गाडी, म्हणजे अप्पर भरपूर वेळ मिळतो. ड्रायव्हिंग बीमची रुंदी इथे कामाला आली, कडेच्या बाभळीखाली उभी असलेली म्हैससुद्धा वेळेत दिसली, बारीक स्पॉटमध्ये ती सुटली असती.

लोणारच्या अलीकडे सखल भागात धुकं होतं. तिथे ऑक्स ताबडतोब बंद, अप्पर पण बंद, नाहीतर समोर पांढरी भिंत उभी राहते. खालचे फॉग आणि डिप्पर, वेग ३०-४०. पिवळा लाइट धुकं फाडतो असं म्हणतात ते तितकं खरं नाही, धुक्याच्या थेंबांना रंगाने फारसा फरक पडत नाही. फॉग चालतो तो खाली बसवलेला, रुंद आणि वर कापलेल्या झोतामुळे. पिवळ्याने डोळ्याला त्रास कमी होतो एवढं नक्की, आम्ही म्हणून फॉगला पिवळेच बल्ब ठेवलेत.

उजाडता उजाडता सरोवराच्या काठावर पोचलो, दैत्यसूदन मंदिर बघितलं, दुपारी परत फिरलो, परतीचा प्रवास दिवसाचा. सोबत ठेवायचं ते एवढंच: त्याच अँपिअरचे दोन फ्यूज, एक रिले, ऑक्सची कव्हरं, पट्टीच्या नटाला बसणारा पाना. रात्रभरात लाइटच्या काचेवर किडे चिकटतात, ते थांबाल तिथे पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने काढा, कोरडं घासलं तर ओरखडे पडतात आणि झोत फाटतो. मेहकरला परत समृद्धीवर चढायच्या आधी पट्टीचे नट पण एकदा आवळून घ्या, खडबडीत रस्त्यावर ते हमखास सैल होतात.