महिपाळगड, सायकलवरून

महिपाळगडाला गाडीने सगळेच जातात. बेळगावातून वेंगुर्ला रोड धरायचा, हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची करत शिनोळी गाठायची, मग देवरवाडी आणि वर वैजनाथ. जाताना वीसेक किलोमीटर. हेच सायकलने करायचं ठरलं, तेव्हा घरचे म्हणाले, "गाडी हाय की दारात." त्यावर आमच्यापैकी कुणाकडेच धड उत्तर नव्हतं.

मंडळी अशी: एक बँकेतला, एक शाळेत शिकवणारी, तिचा धाकटा भाऊ, मी, आणि वडिलांची जुनी काळी सायकल घेऊन आलेला आमचा वर्गमित्र. तिला गिअर नाहीत आणि ब्रेक दांडीचे. एरवी ही सायकल वर्षातून एकदा, 1 नोव्हेंबरला, काळ्या दिनाच्या, म्हणजे बेळगाव महाराष्ट्राबाहेर राहिल्याच्या निषेधाच्या, सायकल फेरीत बाहेर पडते. आमच्या नव्या सायकलींकडे बघून तो एवढंच म्हणाला, "चला की."

निघालो अंधारातच. हे नुसतं हौसेपोटी नव्हतं. वेंगुर्ला रोडवर दिवस वर आला की ट्रक वाढतात आणि सायकलवाल्याला रस्त्याच्या कडेची माती उरते. हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक मागे टाकलं तेव्हा दिवे चालूच होते. सुळग्यापुढे उजाडलं. भात कापणीला आलेलं, लाल मातीत रताळ्याचे वेल काढायला बायका उतरलेल्या. गाडीतून हा रस्ता सपाट वाटतो. सायकलवर कळतं की तो सारखा थोडा चढतो, थोडा उतरतो, आणि फुकटात काही देत नाही.

शिनोळीत महाराष्ट्र लागतो. कानडी पाट्या संपतात, लाल एसटी दिसते, बाकी माणसं तीच आणि बोलणंही तेच. 1956 पर्यंत हा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत तो कोल्हापूरला गेला आणि आम्ही म्हैसूर राज्यात. शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीचं माहेर इकडचं, त्यामुळे हा धडा आम्हाला चहाबरोबर पुन्हा एकदा मिळाला.

खरा मामला देवरवाडीनंतरचा. चढ सुरू व्हायच्या आधी थांबून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, प्रत्येकाने आपल्या वेगाने जायचं आणि वैजनाथाच्या देवळापाशी भेटायचं. घोळक्याने चढलं की हळू चालवणारा ओढला जातो आणि जोरात चालवणारा कंटाळतो. दोघंही लवकर दमतात. दुसरी, चालावं लागलं तर चालायचं, त्यावर कुणी फोटो काढायचा नाही. दुसरा नियम फार टिकला नाही.

गिअर चढ लागायच्या आत हलका करायचा. चढ अंगावर आला आणि पॅडलवर सगळा जोर असताना बदलायला गेलं की चेन करकरते, कधी उतरतेही. पुढे लहान चाक, मागे मोठं, आणि पाय थोडे भरभर पण हलके. जड गिअर रेटत राहिलं तर गुडघे आधी बोलतात. चालवता चालवता एखादं वाक्य बोलता येतंय तोवर वेग बरोबर, नुसतं "हो-नाही" यायला लागलं की कमी करायचा. धाकट्या भावाने सुरुवातीलाच उभं राहून जोर लावला आणि दुसऱ्या वळणावर झाडाखाली बसलेला सापडला. मी पुढे गेलो, कारण थांबलं की त्या चढावर पुन्हा सुरुवात करणं फार अवघड.

काळ्या सायकलवाला चढभर सायकल ढकलत आला, गाणी म्हणत. देवळापाशी तो आमच्यानंतर थोड्याच वेळात पोचला, आणि आमच्याइतका घामाघूम नव्हता.

वैजनाथ आणि आरोग्य भवानीचं दर्शन घेऊन वर गडावर गेलो. महिपाळगडाचं वेगळेपण म्हणजे गडावरच गाव आहे, माणसं राहतात, एसटी येते. एका आजोबांनी विचारलं, "बेळगावास्नं सायकली घिऊन आलासा? पेट्रोल महागलंय व्हय?" पाणी मात्र त्यांनीच भरून दिलं. तटावरून बेळगावचा सगळा पसारा दिसतो. आपण निघालो ते घर नेमकं कुठलं, यावर आमचं एकमत झालं नाही.

चढाचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल तर काळजी उताराची घ्यावी. ब्रेक सतत दाबून ठेवले की रिम तापते आणि पकड कमी होते. म्हणून दाबायचं, सोडायचं, दोन्ही ब्रेक मिळून, आणि वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. अंग थोडं मागे. पावसाळा नुकताच सरलेला, सावलीतल्या वळणांवर बारीक खडी आणि शेवाळ होतं. दांडीच्या ब्रेकवाला तीव्र उतार सरळ चालत उतरला. त्याला कुणी काही म्हटलं नाही, कारण बँकेतलाही त्याच्यामागे चालत होता.

शिनोळीत भजी खाल्ली, बिलावरून भांडलो. पुढच्या वेळी तुडये-राकसकोपच्या बाजूने, धरण बघत जायचं ठरतंय. त्यासाठी वर्गमित्राला गिअरची सायकल उसनी देऊ केली, तर तो म्हणाला, "नको बाबा, तुम्हाला वाट बघायला लागंल."