खुंटी जाईना तिथून रस्ता

गेल्या मार्चमधली गोष्ट. सह्याद्रीच्या पायथ्याशी एका उदंचन जलविद्युत प्रकल्पाच्या, म्हणजे पाणी वर चढवून साठवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज करायची अशा प्रकल्पाच्या, पोचरस्त्याची आखणी करत होतो. ओढ्याच्या कडेने, वाडीला बाजूला टाकून जाणारी रेघ आम्ही धरली होती. सगळ्यांत कमी लांबीची, सगळ्यांत स्वस्त.

वाडीतले एक ठाकर बाबा सकाळपासून सोबत होते. तिसऱ्या खुंटीपाशी थांबले. "सायेब, ही झाडं बगा."

ऐनाची पाच-सहा झाडं बुंध्यापाशी उताराकडे वाकलेली आणि मग सरळ वर गेलेली. माझ्या पोटात गोळाच आला. जमीन हळूहळू सरकत असली की झाडं अशी वाढतात. त्या उतारावरून मी चारदा गेलो होतो, तरी नजरेला पडलं नव्हतं. "दोन येळा दरड आली हितं, माज्या देखत," बाबा म्हणाले. रोटर आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन ट्रेलर येणार होते ते याच उतारावरून!

बाबांनी दुसरी वाट दाखवली, वाडीला लागून खडकावरून जाणारी. दीड किलोमीटर जास्त, वर दोन मोऱ्या. एरवी असा बदल मांडायला जीव वर-खाली व्हायचा, कारण रस्त्याचा खर्च प्रकल्पाच्या खर्चात धरला जातो आणि शेवटी विजेच्या दरात उतरतो. पण सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जलविद्युत प्रकल्पांच्या पूरक सोयींसाठी 12,461 कोटी रुपये मंजूर केले, त्यात उदंचन प्रकल्पही आहेत. 200 मेगावॉटपर्यंत मेगावॉटमागे 1 कोटी, त्यापुढे 75 लाख. म्हणजे 1,000 मेगावॉटच्या प्रकल्पाला 800 कोटींपर्यंत मदत, रस्ते, पूल, वीजवाहिन्या यांसाठी. या पैशाचा खरा उपयोग मला त्या उतारावर कळला. सुरक्षित वाट महाग आहे म्हणून सोडावी लागत नाही, आणि वाडीलाही रस्ता मिळतो.

दुपारी ओटीवर पाणी पिताना आजींनी विचारलं, "पानी वर चढवायचं, परत खाली सोडायचं, मग मिळतं काय?" म्हटलं, दुपारी उन्हाची वीज उतू जाते, तेव्हा चढवायचं, संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की सोडायचं. पाच युनिट खर्चून साधारण चार परत मिळतात, पण नेमक्या गरजेच्या वेळी. त्या म्हणाल्या, "म्हंजी कणगीच."

उन्हं कलल्यावर नव्या वाटेवर गेलो. पहिली खुंटी बाबांनी स्वतः ठोकायला घेतली. चार घाव घातले, पण खडकात ती जाईना. शेवटी पांढऱ्या रंगाने फुली मारली.