सावजी, कूलरची टाकी आणि हजाराच्या आतली बाटली

दिवाळीनंतर सुरू केलेली वाईनच्या नोंदींची वही परवा सत्ताविसाव्या बाटलीवर आली. नियम पहिल्या दिवसापासून तेच आहेत. बाटली हजाराच्या आत, जमलं तर त्याच्याही निम्म्यात. सोबतीला घरी जे शिजलं असेल ते. चीज आणि ऑलिव्ह आणून ताट सजवायचं नाही. पिणारे चौघं: मी, नवरा, खालच्या मजल्यावरची मैत्रीण आणि तिचा भाऊ. एकेकाच्या वाट्याला सव्वा ग्लास येतो नि बाटली संपते. उरलेल्या वाईनचं दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे मला कोणी विचारू नये. अनुभव नाही.

हिवाळ्यातल्या नोंदीत मी ठणकावून लिहिलं होतं की सावजी मटणाबरोबर लाल वाईनच. ते मागे घेते. का, ते पुढे येतंच आहे.

आधी खरेदीचं. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटमध्ये वाईनचं वेगळं कपाट ठेवू द्यायचं ठरवलं, तेव्हा मी मनातल्या मनात तूरडाळ, जाड पोहे आणि गुलाबी रोझे वाईन एकाच बिलात लिहून मोकळी झाले होते. मग विरोध झाला, उपोषणाचे इशारे झाले, आणि ते कपाट काही आलं नाही. म्हणजे किराणा किराण्यातून आणि वाईन ‘वाईन शॉप’मधून, जिथे व्हिस्की समोर, बीअर फ्रिजमध्ये आणि वाईन कुठेतरी वरच्या फळीवर धूळ खात. माझं माहेर वर्ध्याचं. तिथे १९७४ पासून दारूबंदी. माहेरी जाताना मी ही वही नेते, बाटली नाही.

त्या वरच्या फळीनेच मला बाटली क्रमांक एकोणीसला गंडवलं. एप्रिलचा शेवट, दुकानाची काच पश्चिमेला, आणि फळीवर चारच्या उन्हाचा सरळ पट्टा. मला ते दिसलं होतं, तरी घेतली, कारण पन्नास रुपये कमी केले. घरी येऊन पाहते तर कॉर्क बाटलीच्या तोंडातून दोनेक मिलिमीटर वर आलेलं आणि वेष्टणाच्या आत चिकट तपकिरी डाग. आत द्रव गरम होऊन फुगला की असं होतं. वास उकळलेल्या मनुकांचा, चव त्याहून वाईट. परत घेऊन गेले तर काउंटरवरचा म्हणतो, “ताई, वाईन जेवढी जुनी तेवढी भारी, तुम्हाला माहीत नाही का?”

हा गैरसमज आपल्याकडे इतका पक्का बसलाय की भांडण्यात अर्थ नव्हता. आपल्या बजेटातली वाईन जपून ठेवायला बनवलेलीच नसते. पांढरी आणि रोझे तर वर्ष-दीड वर्षात संपवावी. म्हणून आता मी पहिल्यांदा लेबलवरचा महिना-वर्ष बघते, मग किंमत, आणि द्राक्षाचं नाव सगळ्यात शेवटी. शक्यतो स्क्रू कॅप. हलक्या प्रतीची वाईन म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत, कॉर्क वर आलाय का बघत बसावं लागत नाही.

ताजी बाटली केव्हा येते याचाही अंदाज असलेला बरा. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात, आपल्या नाशिककडे जानेवारी ते मार्च. कारण आपल्याकडे वेलीला हिवाळ्याची झोपच नसते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि थंडीच्या रात्रींत फळ पिकतं. सासऱ्यांची काटोलला संत्र्याची बाग होती. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे आपण पाण्याचा ताण देऊन बहार धरतो, ते कात्रीनं धरतात.” इतकं नेमकं मला कोणत्याही पुस्तकात मिळालं नव्हतं.

आता मुख्य विषय, तापमान. “लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी” हे वाक्य ज्यांच्या खोल्या सोळा-अठरा अंशांच्या असतात त्यांच्यासाठी आहे. मे महिन्यात माझ्या ओट्यावर दही लावायचा थर्मामीटर दुपारी तीनला ३९ दाखवत होता. त्या तापमानाची लाल वाईन म्हणजे कफ सिरप. फ्रिजमध्ये ठेवावी तर ती पाच अंशांवर जाते, मग वास बंद आणि तुरटपणा दुप्पट. मधलं काही हवं होतं. ते कूलरच्या टाकीत सापडलं.

नागपूरचा कोरडा उन्हाळा इथे कामी येतो. कूलरच्या ताट्यांवरून पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेतं, नि खाली ठिबकणारं पाणी थंड होत जातं. कूलर तासभर चालल्यावर टाकीत थर्मामीटर बुडवला: २४. बाहेर ४३. बाटली अर्धा-पाऊण तास टाकीत, मग तास-सव्वा तास फ्रिजमध्ये, की लाल बरोबर सोळाच्या आसपास येते. नुसती फ्रिजमध्ये टाकून विसरण्यापेक्षा हे बरं, कारण विसरलं तरी टाकीत २४ च्या खाली जात नाही.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी झाकण उघडून पाणी भरायला पाइप आत घातला आणि ओरडल्या, “कूलरमधी काय टाकून राहिली वं?” सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण पाइप बाटलीवर आपटणार नाही असा धरला. दुसरी अडचण अशी की टाकीच्या पाण्यात लेबलं सुटून येतात. एका रविवारी दोन बिनलेबलच्या बाटल्या निघाल्या आणि दोन लगदे. तेव्हापासून मानेला दोरा बांधते: लालला लाल, पांढरीला पांढरा.

आणि मग सावजी. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच की हे नागपूरच्या हलबा-कोष्टी विणकर घरांतून आलेलं मटण, आणि त्यातला नुसता तिखटपणा मोजणारे अर्धंच बोलतात. भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, काळी मिरी, दगडफूल, आणि वर तर्रीचा बोटभर थर. मसाला इतवारीतून आणते, मटण सासूबाई करतात, त्यात मला ढवळाढवळ करू देत नाहीत.

त्या रविवारी एकाच रश्शासमोर तीन ग्लास मांडले. पहिल्यात शिराझ ही लाल वाईन, टाकीतही न घातलेली, सरळ ओट्यावरची. दुसऱ्यात तीच शिराझ सोळा अंशांवर. तिसऱ्यात सुलाची पांढरी, शेनिन ब्लाँ, आठ अंशांवर. ही जराशी गोडसर असते, आणि इथे गोडसरपणाच कामाचा. पहिला ग्लास मैत्रिणीच्या भावाने एका घोटात बाजूला सारला आणि पाण्याकडे धावला, जे अर्थातच चुकीचं, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळतच नाही. तिखट आणि चटका हे जिभेवर एकाच रिसेप्टरला कळतात, आणि अल्कोहोल त्याच रिसेप्टरला जास्त हळवं करतं. शिराझच्या लेबलवर साडेतेरा टक्के. म्हणजे जळत्या जिभेवर आम्ही स्वतःच फुंकणी धरली होती. वरून टॅनिन: कोऱ्या चहासारखी तुरट पकड, जी एरवी मटणाच्या चरबीला छान कापते, ती इथे नुसती कोरडी ओरखडत होती.

सोळा अंशांवरची शिराझ बरी लागली, पण “बरी” एवढंच. दोन घास, एक घोट, आणि तिसऱ्या घासाला पुन्हा तेच. शेनिन ब्लाँने मात्र काम केलं. थंडपणाने चटका उतरला, गोडव्याने धार बोथट केली, आणि आंबटपणाने तेलाचा थर पुसला. जीभ मोकळी झाल्यावर मागून दगडफुलाचा तो मातकट, धुरकट वास आला, जो एरवी मला रश्शाच्या शेवटच्या वाटीतच कळतो. वहीत त्या ओळीखाली दोन रेघा आहेत.

तर्री अर्धी काढून ठेवली तर आणखी जमेल, असं मी म्हणून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “तर्री काढायची तं मंग गिलक्याचीच भाजी करू ना.” विषय संपला.

प्रामाणिकपणे हेही लिहून ठेवते की त्या दिवशी चौथा ग्लास सासूबाईंचा होता, ताकाचा, आणि तिखट मारण्यात ताकाने तिन्ही ग्लासांना हरवलं. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून घेऊन जातं. पण ताक मसालाही धुऊन नेतं. तोंड शांत होतं आणि जेवण विसरायला होतं. शेनिन ब्लाँने आग कमी केली, मसाला ठेवला. माझ्यासाठी तेवढा फरक पुरेसा आहे.

बाकीच्या नोंदी भराभर. वडाभात आणि कढी: पुन्हा शेनिन ब्लाँ, वाद नाही, हिंगाच्या फोडणीला चालते. तळलेला रोहू: कोणतीही कोरडी, म्हणजे गोड नसलेली, पांढरी, लिंबू पिळू नका, दोन आंबट एकमेकांना भिडतात. संत्रा बर्फी आणि स्वस्त गोड पोर्ट वाईन: सपशेल फसलं. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन आंबट पाणी लागते, आणि आपल्या बर्फीपेक्षा गोड वाईन बनवायची कोणाची छाती नाही. नवऱ्याने बर्फी आधी संपवली आणि पोर्ट नंतर, वेगवेगळी, आणि दोन्ही चांगल्या लागल्या म्हणाला. त्याला या छंदाचं मर्म कळलेलं नाही किंवा मला कळलेलं नाही.

एका जोडीबद्दल मात्र थांबून लिहायलाच हवं, ती डिसेंबरातली. सांबारवडी आणि सोव्हिनियों ब्लाँ ही पांढरी वाईन. (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुणेकरांनी इडली आठवू नये.) थंडीत सांबाराच्या जुड्या मातीमोल झाल्या की गोकुळपेठेतून पिशवीभर आणायचा, निवडायचा, धुवायचा आणि पंचावर पसरून पूर्ण वाळू द्यायचा, पाणी राहिलं तर पुडा कढईत फुटतो. मग बारीक चिरून खोबरं-खसखशीबरोबर परतायचा, पारीला आतून मसाल्याच्या तेलाचं बोट फिरवायचं, पाकिटासारखी घडी आणि मंद आचेवर तळण. सोव्हिनियों ब्लाँला मुळातच हिरवा वास असतो, कापलेल्या गवताचा, हिरव्या मिरचीच्या देठाचा. वडी मोडली की वाफेबरोबर सांबार वर येतो, आणि ग्लास नाकाशी नेला तर तोच वास थंड होऊन परत भेटतो. तळणाचा तेलकटपणा त्या आंबटपणात कुठे गेला कळत नाही. चौघांत अठरा वड्या गेल्या आणि कोणी काही बोललं नाही, जे आमच्या घरात तसं दुर्मीळच.

पण ती जोडी आता नोव्हेंबरपर्यंत बंद. जूनमध्ये सांबाराची जुडी सोन्याच्या भावाने आणि निम्मी सडकी.

मृग लागला तरी पावसाचा पत्ता नाही, म्हणून कूलर अजून चालू आहे. रविवारी संध्याकाळी तर्री पोहे, हरभऱ्याच्या रश्शासकट, आणि त्यासोबत बाटली अठ्ठावीस, रोझे. मी ती दुपारी टाकीत टाकली तेव्हा घाईत दोरा बांधायचा राहून गेला. आता झाकण उघडून पाहिलं तर लेबल पाण्यावर तरंगतंय आणि मानेला गुलाबी दोरा आहे. गुलाबी रीळ या घरात फक्त सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात असतं.