माह्या पोटाची चरबी काढा, डॉक्टर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी फिजिशियन आहे, आणि हे मागच्या पावसाळ्याच्या शेवटी शेवटी घडलेलं. पन्नाशीची बाई, आठ दिवसांचा ताप, गावात सलाईनी लावून झालेल्या. आमच्याकडे आली तेव्हा रक्तातला ऑक्सिजन ७२ टक्के आणि एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसं पांढरी. एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसं सुजून पाण्यानं भरतात आणि ऑक्सिजन रक्तात जाईना होतो. रात्रीच व्हेंटिलेटरवर घेतलं. सकाळी सिस्टरनी अंग पुसताना लुगड्याच्या गाठीखालची काळी खपली दाखवली, विडीचा चटका बसावा तशी. स्क्रब टायफस! गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होतो. रात्री मी कमरेपर्यंत बघितलंच नव्हतं, हे अजून सलतं. नळीतून डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, त्यावरचं अँटिबायोटिक) लगेच सुरू केली.

दुपारी पोरगा आला. रात्रभर मोबाईल बघून डोळे लाल. कुठल्यातरी सेंटरनं त्याला फोनवर सांगितलं होतं की चरबीतल्या स्टेम सेलनं, म्हणजे मूळ पेशींनी, फुफ्फुस नवं होते, आकडा लाखांत, बैलजोडी विकायचं ह्याचं ठरलेलं. शर्ट वर करून पोटाची कातडी चिमटीत धरली (चरबी होती कुठं, नुसत्या बरगड्या) आणि म्हणे, "माह्या पोटाची काढा न डॉक्टर, मायले लागते तेवढी."

मला बोलायलाच सुचेना. कारण प्रश्न येडा नव्हता. २०१४ ला चीनमध्ये नेमकी हीच ट्रायल झाली, दुसऱ्याच्या चरबीतल्या पेशी, पेशंटच्या वजनाच्या किलोमागे १० लाख पेशी, शिरेतून. पेशंट फक्त १२. त्रास झाला नाही पण ठळक फायदाही दिसला नाही. २०१९ ला अमेरिकेत ६० जणांवर बोनमॅरोच्या पेशींची ट्रायल झाली, त्यातही मृत्यू कमी झाले नाहीत. ह्या पेशी फुफ्फुस नवं बनवत नाहीत रे, त्या सूज उतरवणारी द्रव्यं सोडतात, कल्पना चांगली आहे, मला स्वतःला तिच्यातून आशा आहे, पण आपल्याकडे ट्रायलच्या बाहेर असं पैसे घेऊन देता येत नाही, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नसतात. एवढं त्याला पायरीवर बसून सांगितलं. "मंग तुमी काय करून रायले?" तो म्हणाला.

आम्ही तिला पालथं झोपवत होतो. रोज १६ तास. २०१३ च्या फ्रान्समधल्या अभ्यासात ह्यानं मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ वर आले होते. पाच जण लागतात, एक श्वासाची नळी धरून. आणि व्हेंटिलेटरचा एकेक श्वास छोटा, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे ६ मिली, जास्त नाही. त्याला काचेतून दाखवलं, तो बराच वेळ बघत उभा राहिला.

चौथ्या दिवशी व्हेंटिलेटरमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन ९० टक्क्यांवरून ४५ वर आणता आला, नवव्या दिवशी नळी निघाली.

त्याला विचारलं, मायसोबत निंदायला कोण कोण होतं? संध्याकाळी गाडीवर दोघींना घेऊन आला, दोघींना ताप. एकीच्या गुडघ्यामागं तशीच खपली. गोळ्या देऊन दोघी घरी गेल्या.