वायसाकची बस

बुद्धपौर्णिमा जवळ आली की मला अजून ती बस आठवते. मिस्टरांची नोकरी सेमारांगजवळच्या टेक्स्टाईल मिलमधे होती, म्हणून आम्ही काही वर्षं इंडोनेशियाच्या जावा बेटावर काढली आणि दरवर्षी तिथल्या छोट्या विहाराची बस वायसाकला मेंदुतच्या बौद्ध देवळाला निघायची. वायसाक म्हणजे आपली वैशाख पौर्णिमाच. इंडोनेशियात शंभरात एकसुद्धा बौद्ध भरत नाही, तरी १९८३ पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते, हे कळलं तेव्हा मला खरंच वाटेना.

विहारात बहुतेक चिनी वंशाची माणसं, थोडी तेमांगुंगकडच्या डोंगरातली जावानीज कुटुंबं आणि आम्ही तिघं नागपूरचे. भाषा धड येत नव्हती, पहिल्या रविवारी मी मागे अवघडून बसले होते आणि एकदम "नमो तस्स भगवतो" सुरू झालं, मग त्रिसरण, मग पंचशील. चाल वेगळी पण शब्द तेच! लहानपणी आईसोबत दीक्षाभूमीवर म्हटलेलं सगळं आपोआप तोंडात आलं आणि मला रडूच फुटलं, शेजारच्या आजींनी नुसता हात धरून ठेवला.

तिथेच कळलं की इंडोनेशियाचे बौद्ध गुरू आशिन जिनरक्खित यांनी १९५३ ला बोरोबुदुरच्या प्राचीन स्तूपावर वायसाक भरवला आणि १९५४ मधे ब्रह्मदेशात जाऊन ते भिक्खू झाले. त्याच वर्षी बाबासाहेब रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले होते! मी हे संडे स्कूलच्या पोरांना मोडक्या भाषेत सांगितलं, तेव्हापासून दरवर्षी मला बाबासाहेबांवर पाच मिनिटं बोलायला लावायचेच.

वायसाकच्या आदल्या दिवशीचा स्वयंपाक शाकाहारी, त्यामुळे आजूबाजूच्या मुस्लिम बायकाही बिनधास्त जेवायच्या, आणि समोरच्या काकू तर केळीच्या पानात शिजवलेला भाताचा लोन्तोंग दरवर्षी स्वतः करून द्यायच्या.

मेंदुतच्या देवळातला बुद्ध पाय खाली सोडून बसलाय, आत्ता उठेल आणि आपल्यासोबत निघेल असा. म्रापेनच्या नैसर्गिक अग्नीतून आणलेली ज्योत आणि जुंप्रितच्या झऱ्याचं पाणी तिथे ठेवतात, मग सगळी मिरवणूक वाटेतल्या पावोन देवळावरून बोरोबुदुरला चालत जाते, तीनेक किलोमीटर, लेकीच्या हातात कमळ आणि माझ्या हातात तिच्या चपला, कारण तिला अनवाणीच चालायचं असायचं.

तिथे पौर्णिमेचा नेमका क्षण घड्याळ लावून पाळतात. २०१९ ला तो पहाटे ४ वाजून ११ मिनिटांनी होता आणि रमजान चालू होता. काकूंनी स्वतः रोजे धरून आमचे डबे भरले होते, वर बसच्या ड्रायव्हरकाकांसाठी सहरीचा, म्हणजे रोजा सुरू व्हायच्या आधीच्या जेवणाचा, एक वेगळा. घंटा वाजली, सगळे डोळे मिटून शांत बसलो. थोड्याच वेळात आजूबाजूच्या गावांतून फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची, अजान सुरू झाली, आम्ही तसेच बसून राहिलो, ती पूर्ण होईपर्यंत कोणी उठलं नाही.